घळीतली काठी

"काका पडलेत! घळीत पडलेत हो काका!"

साबिनो धुक्यातून धावत आला तेव्हा त्याच्या अंगावर पोंचो नव्हता आणि हातात काठीही नव्हती. समुद्रावरचं धुकं चढून कार्दालच्या टेकड्या हिरव्या झाल्या, की दर हिवाळ्यात तो वरच्या डोंगरातून शेळ्या घेऊन इथे उतरायचा. टेकड्यांचे राखणदार हेर्मोखेनेस काका त्याला दरवर्षी शिव्या द्यायचे आणि दरवर्षी जेवायलाही घालायचे.

काकांची बायको फोर्तुनाता हातातली रताळ्यांची परात टाकून धावली. तिच्या स्वयंपाकघरात सकाळपासून ठिय्या देऊन खात बसलेला व्हॅनचा ड्रायव्हर तिच्यामागे पळाला.

काका घळीच्या तळाशी पालथे पडले होते. खोक डोक्याच्या मागे, विणलेल्या टोपीखाली होती. श्वास चालू होता. अंगावर साबिनोचा पोंचो पांघरलेला होता आणि शेजारी मातीत साबिनोची काठी उभी रोवलेली होती.

त्यांना व्हॅनमध्ये घालून ड्रायव्हर आणि फोर्तुनाता खाली शहराकडे गेले. पक्षी बघायला आलेली मंडळी राखणदाराच्या खोपटात अडकली. चौघंच होती. सहल आणणारा गाइड रेन्झो ताफुर नखशिखांत भिजला होता आणि कुडकुडत होता. दातांची डॉक्टर अम्पारो रेवोरेदो रडत होती. इंजिनिअर ओक्तावियो लाराबुरे आपली खोळ घातलेली, दुर्बीण लावायची उंच तिपाई भिंतीला टेकवून कॉफी पीत होता. चौथ्या ग्रिसेल्दा ओयागे. जन्मभर पोलिसात गुन्ह्यांचा तपास करून आता पक्ष्यांच्या मागे लागलेल्या. बाईंचा संताप मात्र नोकरीत होता तितकाच होता.

पायथ्याच्या चौकीतून हवालदार बालोना मोटरसायकलवर आला. त्याने घळ बघितली, काठी बघितली आणि साबिनोकडे बघितलं. तपास संपला. साबिनोच्या हातात बेड्या पडल्या.

"काल काकांशी तुझं भांडण झालं की नाही?"

"झालं. शेळ्या फुलांत घुसल्या होत्या."

"काठी कुणाची?"

"माझी. जागा पुन्हा सापडावी म्हणून रोवली. या धुक्यात पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही, साहेब."

"आणि पोंचो?"

"त्यांना थंडी वाजत होती."

"मारायचं आणि वर पांघरूण घालायचं! वा!" बालोना ओरडला. "मला शिकवतोस? डोंगरातून उतरता, चोऱ्या करता, डोकी फोडता!"

"साहेब, शेळ्या एकट्या आहेत वर. कोल्हा फिरतोय. तेवढ्या गोळा करू द्या, मग न्या कुठे न्यायचं ते."

"गप!"

"या लोकांचं असंच असतं," लाराबुरे कॉफीचा घोट घेत म्हणाला. "दिलं तरी रडतात, नाही दिलं तरी मारतात."

ग्रिसेल्दाबाईंनी कप इतक्या जोरात आपटला की कॉफी टेबलभर झाली.

"ज्याने धावत येऊन सांगितलं, ज्याने अंगावरचं काढून पांघरलं, त्यालाच बेड्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बालोना, तुला मी हेच शिकवलं होतं?"

बालोना कधीकाळी त्यांच्या हाताखाली होता. त्याचे कान लाल झाले.

"बाई, तुम्ही रिटायर झालात."

"मी झाले. अक्कल नाही झाली. घसरून पडलेल्या माणसाला मागून खोक पडते का? कुणीतरी पाठीमागून हाणलंय. आणि या टेकडीवर त्या वेळी साबिनो एकटा नव्हता. आम्ही चौघं होतो. विचार आम्हाला."

"तुम्हाला?"

"आधी मला विचार. मग सगळ्यांना."

विचारपूस झाली. सकाळी सगळ्यांनी एकत्र पक्षी बघितले होते. दगडात दगडासारखा बसलेला पुकुपुकू रेन्झोला दिसला, तेव्हा त्याच्या जुनाट दुर्बिणीपुढे रांग लागली होती. पक्षी बघणाऱ्यांची ही रीतच आहे. ज्याच्या दुर्बिणीत पक्षी सापडतो, तो आधी बाजूला होतो आणि दुसऱ्याला बघू देतो. लाराबुरेही त्या रांगेत उभा राहिला होता. त्याची स्वतःची दुर्बीण खोळीतच होती. काच धुक्याने खराब होते, म्हणाला.

मग रेन्झोच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाने वेगळ्या जागी तासभर एकटं, न हलता बसायचं होतं.

"मी निवडुंगाच्या खडकाजवळ होते," ग्रिसेल्दाबाई म्हणाल्या. "साक्षीदार कुणी नाही. पुढे चल."

"मी बिळातल्या घुबडासमोर बसले होते, उघड्यावर," अम्पारो म्हणाली. "गार वाटत होतं, पण ठीक होतं. कुणीच दिसलं नाही."

"तू रे?" बालोनाने रेन्झोला विचारलं. "तू एवढा भिजलास कुठे? ओढ्यात उतरला होतास?"

"ओढ्यात पाणी कुठंय साहेब? मी तारा झाडांच्या राईत होतो, खालच्या अंगाला. लाल माशीमार येतो तिथे."

"कुणी बघितलं?"

"पक्ष्याने," रेन्झो म्हणाला आणि लगेच खाली बघू लागला. "माफ करा. काका मला बापासारखे आहेत. त्यांनी फाटक उघडलं नसतं तर माझा धंदाच नव्हता. गेल्या वर्षी दुसऱ्याची जमीन विकणाऱ्या एका टोळीने टेकडीला आग लावली, तेव्हापासून ते माझ्या माणसांशिवाय कुणाला आत घेत नाहीत."

"इंजिनिअरसाहेब, तुम्ही?"

"मी त्याच राईत, पण वर. सगळ्यात मोठं ताराचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याशी." लाराबुरेने जाकिटावरून हात फिरवला. "एवढं महागाचं सामान घेऊन धुक्यात कोण भिजत बसणार? झाडाखाली मस्त आडोसा होता. तासभर हललो नाही."

"काही दिसलं?"

"चिमण्या."

ग्रिसेल्दाबाईंनी टोपी घातली आणि त्या एकट्याच बाहेर पडल्या.

घळीच्या वर एक सपाटी आहे. तिथे काल संध्याकाळपर्यंत हिरवं लव्हाळं आणि अमानकाएसची पिवळी फुलं होती. आज त्या फुलांतून आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. चौकोन, चौकोन, चौकोन. खालच्या वाळवंटात हे चौकोन सगळ्यांच्या ओळखीचे. प्लास्टरच्या पुडीची फक्की मारायची, प्लॉट पाडायचे आणि घर नसलेल्या गरिबाला दुसऱ्याची टेकडी विकायची. पोलीस येईपर्यंत चटयांच्या झोपड्या उभ्या राहतात. विकणारा पैसे घेऊन पसार होतो आणि घेणारा बिचारा लाठ्या खातो. बाईंनी अशा झोपड्या मोडताना बघितल्या होत्या. त्यांचे दात कराकरा वाजले.

त्या खाली बसल्या आणि फक्कीची रेघ नखाने खरवडली. खरवडली जाईना. चौकोनाच्या एका कोपऱ्यात, रेघेवरच, तीन लहान भोकं होती. तिथून घळीची कड चार पावलांवर होती.

मग त्या राईत मोठ्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. खोपटात परत आल्या तेव्हा टोपीपासून बुटांपर्यंत निथळत होत्या.

"पाऊस लागला का?" लाराबुरेने हसून विचारलं.

"अम्पारो, फाटकाच्या खांबावर घुबड येऊन बसलंय बघ," बाई म्हणाल्या. "इंजिनिअरसाहेब, तुमच्या दुर्बिणीतून दाखवा की जरा आम्हाला."

"काच धुरकटली आहे."

"पुसून देते."

"नको. नाजूक आहे."

"बालोना, खोळ काढ."

"बाई, कुणाच्या वस्तूला असं..."

"काढ म्हणते ना!"

लाराबुरे उठला. रेन्झो दारात आडवा झाला. बालोनाने खोळ काढली. तिपाईवर दुर्बीण नव्हती. जमीन मोजायचं यंत्र होतं.

मग बाई बोलू लागल्या. आवाज चढवला नव्हता, पण ऐकणाऱ्याला तो चढलेलाच वाटत होता.

"पक्षी बघणाऱ्याची दुर्बीण दिवसभर खोळीत? सापडलेला पुकुपुकू दुसऱ्याच्या जुनाट नळीतून बघतो? तेव्हाच मला खटकलं. म्हटलं, कंजूष असेल. चूक माझी. तिपाई घेऊन टेकडीवर फिरणारा माणूस एरवी काकांनी फाटकातच धरला असता. पक्षी बघणाऱ्यांत मिसळला की कोण विचारतो? रेन्झो, याने तुझी सहल वापरली."

रेन्झोने शिवी दिली. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

"काल अंधार पडल्यावर याची माणसं पलीकडच्या उतारावरून आली आणि फक्की मारून गेली. आज याला कोपरे नक्की करायचे होते. धुकं होतं, सगळे एकेकटे बसलेले, हलायला मनाई. यापेक्षा चांगली वेळ कुठली? पण काका आले. फुलांतल्या रेघा बघून ते वाकले असणार. याने तिपाई मिटली आणि मागून घातली, काका थेट घळीत."

"कल्पनाशक्ती दांडगी आहे," लाराबुरे म्हणाला. "मी झाडाखाली होतो."

"हो, आडोशाला! अरे, लिमाच्या बंगल्यातल्या माणसा, कार्दालमध्ये पाऊस पडतच नाही. धुकं येतं आणि झाडाच्या पानापानांवर अडकतं. मग ते झाडच गळतं. उघड्यावर बसलेली अम्पारो नुसती दमट झाली. राईत बसलेला रेन्झो बुडून निघाल्यासारखा आला. मी तुझ्या झाडाखाली उभी राहिले, तर माझी ही गत. आणि तू तासभर तिथे बसून खडखडीत कोरडा! इथे भिजायचं नसेल तर झाडापासून लांब पळतात. तुला ते माहीत नव्हतं, कारण तू त्या झाडाखाली गेलाच नाहीस."

लाराबुरेने पहिल्यांदाच कप खाली ठेवला.

"आता तिपाईची टोकं बघ, बालोना. पांढरी आहेत. खाली वाळवंटात फक्की झटकली की गेली. इथे धुक्याने ती भिजते आणि घट्ट प्लास्टर होऊन बसते. याने पुसली असेल, पण निघाली नाही. सपाटीवर तीन भोकं आहेत, नेऊन बसवून बघ. साबिनोच्या चपला बघ, फक्कीचा कण नाही. आणि तो वरचा स्क्रू बघ."

बालोनाने तिपाई उजेडात धरली. स्क्रूच्या खाचेत तपकिरी लोकरीचे धागे पिळले गेले होते. काकांची विणलेली टोपी तपकिरी होती.

"त्याने माझं यंत्र हिसकावलं!" लाराबुरे किंचाळला. "एका फाटक्या राखणदारासाठी एवढा तमाशा? ही नुसती माती आहे! गवत आहे! तिथे तीनशे घरं उभी राहतील!"

बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली नाही. तो मोह त्यांनी कसा आवरला ते त्यांनाच ठाऊक.

बालोनाकडे बेड्यांची एकच जोडी होती. ती साबिनोच्या हातांतून काढून लाराबुरेच्या हातांत घालावी लागली. किल्ली फिरवताना बालोना साबिनोकडे बघत नव्हता.

"जा तू," तो पुटपुटला.

"जा?" ग्रिसेल्दाबाई कडाडल्या. "एवढंच? माणसाला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवलंस. माफी माग!"

"बाई, मी ड्युटी..."

"माफी!"

साबिनो मनगटं चोळत होता. आत्तापर्यंत तो खाली मान घालून बोलत होता. आता त्याने मान वर केली.

"माफी घेऊन मी काय करू, बाई? माझ्या शेळ्या पांगल्या. त्याच माझं घर आहेत. मी इथे बांधलेला असताना किती वेळा सांगितलं, हे म्हणाले गप. एकट्याने आता सापडायच्या नाहीत." तो बालोनाकडे वळला. "चला, साहेब."

"मी? पण आरोपी..."

"आरोपीवर मी बसते," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून खरंच लाराबुरेच्या समोर बसल्या. "जा."

हवालदार बालोना चकचकीत बुटांनी चिखलातून टेकडी चढू लागला. पुढे साबिनो चालत होता. थोड्याच वेळात दोघं धुक्यात दिसेनासे झाले आणि हवालदाराची बारीक, लाजरी हाक तेवढी ऐकू आली.

"मोठ्याने, साहेब," साबिनोचा आवाज आला. "माझ्यावर ओरडलात ना, तेवढ्या मोठ्याने."