मोटारीच्या खोलीतली पाव्हणं

दादा गेल्यावर मोटारीच्या खोलीतल्या मांजरांना दूध कोण घालत होतं? आईला विचारलं, वडलांना, म्हणजे आबांना विचारलं, शेजारच्या मळ्यातल्या लंका मावशीला विचारलं. आजपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. लाईट येईपर्यंत वेळ आहे, तर सांगतो. कंदिलाची वात जरा कमी कर, काच काळी होते.

तेव्हा आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला होता, खंडाने घेतलेला. झेंडू आणि शेवंती. दिवाळीचा झेंडू संपला आणि त्याच आठवड्यात सोमनाथदादा विहिरीवरची मोटार चालू करायला गेला तो परत आला नाही. स्टार्टरचा शॉक बसला. मी सातवीतून शाळा सोडलेला, मला सगळं दादानेच शिकवलेलं. फूल देठासकट कसं खुडायचं इथपासून.

मोटारीच्या खोलीत रानमांजरं राहायची. कुणाची नव्हती, कुणाच्या हाताला लागत नव्हती. माणूस दिसला की पसार. फक्त दादाला भीत नसत. तो त्यांना पाव्हणं म्हणायचा. रोज पहाटे फुलं खुडायच्या आधी जर्मनच्या ताटलीत दूध ओतायचा आणि म्हणायचा, "या पाव्हणं, लाजू नका."

रामकुंडावर दादाचा दहावा झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. आई रडत म्हणाली, "धाकट्याला जपीन रे." कावळा नाही. आबा म्हणाले, "तुझा मळा पडीक ठेवणार नाय." कावळे पलीकडच्या भिंतीवर बसून नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्या दिवसापासून आईने अन्न सोडलं. म्हणायची, "माझं पोर अडकलंय. ते उपाशी फिरतंय, मी कशी जेवू?"

चार दिवसांनी शेवंतीच्या टोपल्या आणायला मी मळ्यात गेलो. त्याआधी तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. धुकं एवढं होतं की बांध पायाला लागला तरच कळायचा. खोलीचं दार लोटलं. आत ग्रीसचा वास, कुजलेल्या झेंडूचा वास, आणि त्यात तिसरा वास, तापवलेल्या दुधाचा. ताटली भरलेली होती. दुधावरून वाफ निघत होती. मांजरं गोल बसून पीत होती, अंग भरलेली, तुकतुकीत. मला बघून एकही पळालं नाही.

घरी येऊन विचारलं, तर आबा म्हणाले, "कोण जातंय तिकडं!"

लंका मावशी हसली. "मला माझ्या चहाला दूध पुरत नाय, मांजरांना घालू? का तुझा दादा बोका होऊन आला?" मग माझं तोंड बघून तिनेच पदर तोंडाला लावला. "चुकलं रे भिका. जाऊ नको तिकडं एकटा."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी गेलोच. असाच आहे मी. डोक्यात आलं की पाय निघतात.

खोलीत शिरलो नाही, खिडकीच्या फटीतून बघितलं. ताटली भरलेली होती, पण मांजरं पीत नव्हती. खोलीच्या मधोमध मोकळी जागा होती आणि मांजरं तिच्याभोवती फिरत होती. शेपट्या ताठ. अंग तिरकं करून घासत होती... कशाला, ते दिसत नव्हतं. माणसाच्या पायाला घासतात तशी, नडगीच्या उंचीवर. करड्या भाटीने, त्यांच्यातल्या मादीने, पाठ वर उचलली आणि तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत सपाट होत गेले. सावकाश. कुणी तळहात फिरवावा तसे.

"दादा...?"

सगळी मांजरं माझ्याकडे वळली. मग परत त्या मोकळ्या जागेकडे, वर, माणसाचं तोंड असतं तिथे.

तेव्हा मला उमगलं. रामकुंडावर आम्ही त्याला सगळं कबूल केलं, पण या पाव्हण्यांचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता बोललो असतो तर तो सुटला असता. पण सुटला म्हणजे गेला असता. मला तो जायला नको होता. मी खिडकीखाली ओल्या मातीत बसलो, पाठ भिंतीला टेकवून. भिंतीपलीकडे तो होता. मला तेवढं पुरत होतं. उजाडेपर्यंत बसलो आणि काही न बोलता घरी आलो.

घरी आई चुलीपुढे पडलेली. आबा तिच्या तोंडात पाणी घालत होते आणि ते गालावरून खाली वाहत होतं.

मी आलो तसा मळ्याकडे पळत सुटलो. वाटेत लंका मावशीच्या चुलीवरून दूध तांब्यासकट उचललं. ती मागून ओरडत होती, "मेल्या, चहाचं दूध हाय ते!" खोलीत शिरलो. मांजरं अजून तिथेच होती. तांब्यातलं दूध ताटलीत ओतलं.

"दादा, यांचं मी बघीन. थंडीभर बघीन, नंतर पण बघीन. तू... तू जा आता."

मग मांजरांच्या माना एकदम हलल्या. कुणीतरी चालत निघालंय आणि त्या त्याच्याकडे बघतायत, अशा वळत गेल्या. मधल्या जागेपासून माझ्यापर्यंत. माझ्यापाशी थांबल्या. माझ्या डोक्यावरचे केस विस्कटले. मग माना दाराकडे वळल्या, आणि बाहेरच्या धुक्यात थोडं पुढेपर्यंत.

दुसऱ्या पहाटे ताटली कोरडी आणि गारठलेली होती. ती मी भरली.

आईला सगळं सांगितलं. ती मग उठून बसली आणि म्हणाली, "भाकरी कुस्करून दे. एक त्यांना ने, एक मला." त्या थंडीत मी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये गोणपाट घालून त्यांना घरं केली. दाराशी शेकोटी लावायला शिकलो, धूर आत जाणार नाही अशी. लंका मावशी रोज वाटीभर दूध पाठवायची, वर शिवी. करड्या भाटीला पिल्लं झाली. एक दिवस तिने माझ्या नडगीला अंग घासलं, तेव्हा दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर रडलो. त्यानंतर रात्रीची झोप लागायला लागली.

फाल्गुनात जमिनीच्या मालकाने तिथे प्लॉट पाडायचे ठरवले. मोटारीची खोली तोडणार होते. आम्ही दरी गावाच्या रस्त्याला दुसरा मळा घेतला. भर दुपारी मांजरं फुलांच्या मोठ्या टोपलीत भरली. झाकण बांधलं, टोपली सायकलच्या कॅरियरवर आवळली आणि निघालो. शेवटचा चढ छातीवर येणारा. निम्म्यात पायातलं बळ संपलं, सायकल मागे यायला लागली.

आणि एकदम हलकी झाली. पायडल आपोआप फिरल्यासारखं. टोपलीत मांजरं घुरघुरत होती, खुशीत.

वरून एक म्हातारा बैलगाडी घेऊन उतरत होता. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघत ओरडला, "अरे गड्या, नुस्ता ढकलतो काय? टोपलीला हात लाव की, कलली ती!"

कललेली टोपली मागून कुणीतरी सरळ केली.

मी मान वळवली नाही. वर नव्या मळ्यात पोचलो, सायकल स्टँडवर लावली, दोरी सोडली आणि झाकण उघडलं.