मागं राह्यलेली बाई

ही गोष्ट रात्रीची नाही.

रात्रीची असती तर प्राजक्ताने ती अंधारावर, झोपेवर ढकलून दिली असती. पण हे भर दुपारी घडलं. डोक्यावर ऊन होतं.

प्राजक्ता माझी मामेबहीण. उगाच काही रंगवून सांगणाऱ्यातली नाही. तिने हे मला एकदाच सांगितलं, तेही आवाज बारीक करून. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

२०२३ चा फेब्रुवारी. गुरुवार. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा घाट.

प्राजक्ता अमरावतीच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात काम करते. मेळघाटातल्या गावांमधून मोतीबिंदूचे पेशंट आणायचे आणि ऑपरेशन झालं की घरी पोचवायचे, हे तिचं काम. पेशंट मिनीबसमध्ये. ती बस योगेश चालवतो. पुढे जीप, तिच्यात औषधं आणि मशिनी. जीप प्राजक्ता स्वतःच चालवते.

त्या घाटात मोबाइलला रेंज नसते. आदल्या पावसाळ्यात मागची बस बंद पडली आणि पुढे गेलेल्या प्राजक्ताला ते कळलंच नाही. नुकतं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं चार तास जंगलात बसून होती. हे तिच्या मनाला फार लागलं. मग तिने रुग्णालयाच्या मागेच लागून दोन्ही गाड्यांसाठी वायरलेस सेट घ्यायला लावले.

अमरावतीच्या राजापेठेतल्या गयासुद्दीनचाचांनी ते बसवले. चाचा गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर. त्यांनी बॅटरीवरून सरळ वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, टपावर लांब अँटेना उभी केली. मग मीटर लावून तासभर ती अँटेना जुळवत बसले.

"अँटेना बराबर जमली नाही तं सेटच जळते, बेटा," ते म्हणाले. "आन् हे ध्यानात ठेव. बटन दाबून बोलायचं, सोडून आइकायचं. दोन्ही एका टायमाले होत नाही."

त्या गुरुवारी सेट पहिल्यांदाच घाटात जात होते.

बसमध्ये घरी पोचवायचे अकरा पेशंट होते. सगळ्यांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सकाळीच काढलेल्या, सगळ्यांना काळे चष्मे दिलेले.

घटांग सोडलं. चढ लागला. योगेशचा आवाज छान खणखणीत येत होता.

"ताई, आइकू येते का?"

"येते. चाल हळूहळू."

साधारण तीन वाजले असतील. सेमाडोह आता जवळ आलं होतं.

सेटमध्ये खरखर झाली...

आणि एक म्हातारा आवाज आला. बाईचा.

"बाई... मी राह्यली ना वं."

प्राजक्ताला वाटलं, बसमधल्याच एखाद्या आजीच्या हातात योगेशने गंमत म्हणून माईक दिला.

"योगेश, माईक कोनाले देल्ला?"

"कोनालेच नाही, ताई. मीही आइकलं. मले वाटलं तुमच्या गाडीत कोनी हाये."

तिने जीप बाजूला घेतली. मागून बस आली. योगेशने पेशंट मोजले. प्राजक्ताने परत मोजले. नावं घेऊन मोजले.

अकरा. सगळे जागेवर.

ती जीपपाशी आली तर सेट पुन्हा बोलत होता.

"बाई... दिसत नाही मले. डोळ्याची पट्टी अजून कोनं काढली नाही."

प्राजक्ताने पुन्हा बसकडे पाहिलं; पट्टी एकाच्याही डोळ्यावर नव्हती.

"आपले सगळे हायेत ना ताई. चाला," योगेश म्हणाला.

"दुसऱ्या कोनाचा पेशंट राह्यला असन. माणूस असलं तं?"

तिने योगेशला बस घेऊन पुढे पाठवलं आणि जीप एकटीनेच मागे वळवली.

सेटवर सिग्नलच्या पट्ट्या असतात. आवाज जितका जवळचा, तितक्या जास्त पट्ट्या पेटतात. म्हातारी थोड्या थोड्या वेळाने बोलत होती, आणि प्रत्येक वेळी एक पट्टी वाढत होती.

दोन...

तीन...

एका वळणावर लहानसा पूल होता. खाली कोरडा नाला. तिथे सगळ्या पट्ट्या पेटल्या.

प्राजक्ता उतरली. पुलावर कोणी नाही. नाल्यात कोणी नाही. तिने चारदा हाका मारल्या. रस्त्यावर दुसरी गाडीच नव्हती. मग वायरलेस कुठून असणार?

तेव्हा तिच्या लक्षात आलं... इतका वेळ ओरडणारी माकडं गप्प झाली होती. पानसुद्धा वाजत नव्हतं.

जीपमधून आवाज आला.

"आल्या का तुमी? गाडी आइकू आली मले."

ती धावत जीपमध्ये बसली. किल्ली फिरवली.

आणि जीप मागून हलकीशी दबली. कोणी पायरीवर पाय देऊन आत चढावं, तशी.

मागचं दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही.

सेटवर तोच आवाज. आता अगदी स्वच्छ, खरखर नाही.

"बसली मी. चाला."

प्राजक्ताने आरशात पाहिलं नाही. हे सांगताना ती तीनदा म्हणाली, की आरशात पाहिलं नाही. फक्त गाडी चालवली.

दहा मिनिटांनी योगेशचा आवाज आला. "ताई, सापडलं का कोनी?"

तिने बटन दाबलं. "नाही. कोनी नाही तिथं. मी येऊन राहिली."

बटन सोडलं.

योगेशने हळूच विचारलं.

"ताई... मंग तुमच्या मागं कोन बोलून राह्यलं?"

ती बोलत असताना तिचं बटन दाबलेलं होतं. त्या वेळी योगेशला जे ऐकू गेलं, ते फक्त तिच्याच जीपमधलं असणार.

"काय आइकलं तुनं?"

"कोनीतरी म्हने... हळू चालवा, बाई."

हरिसालला तिने जीप थांबवली आणि मागचं दार उघडून बाजूला उभी राहिली. धारणीला पुन्हा तसंच केलं. योगेश लांबूनच बघत होता.

कोणी उतरलं का, हे तिला कळलं नाही. जीप एकदाही हलली नाही.

अमरावतीला परतल्यावर तिने आठ वर्षांच्या शिबिरांचे सगळे कागद उपसले. नेलेला प्रत्येक पेशंट घरी पोचल्याची नोंद होती. मागे राहिलेली कोणीच नव्हती.

गयासुद्दीनचाचांनी सेट खोलून पाहिला. "या सेटवर कधीकधी हजारो मैलांवरचं पकडते बेटा, आकाशातून परतून येते आवाज," ते म्हणाले.

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पन आपल्या बोलीत बोलत होती म्हन्ते ना?"

आणि ते सेटचे स्क्रू परत पिळायला लागले.

मार्चच्या फेरीत पेशंट आणताना बस भरली, म्हणून पार्वताबाई नावाच्या एका आजींना तिने जीपमध्ये मागच्या बाकावर बसवलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. फक्त उजेड-अंधार कळायचा.

घाट उतरताना पार्वताबाई म्हणाल्या, "पोरी, हे बाजूची बाई कोन्या गावची?"

प्राजक्ताने ब्रेक दाबला.

"आजी, मागं तुमी एकट्याच हाये."

पार्वताबाईंनी बाजूची जागा हाताने चाचपली.

"मंग माहा हात कोनं धरला?"

प्राजक्ताने त्यांना पुढच्या सीटवर आणून बसवलं. अमरावती येईपर्यंत पार्वताबाई सारखा आपला उजवा हात पदराला पुसत होत्या.

सेट अजून जीपमध्येच आहे. पेशंटसाठी तो लागतोच. त्यावर तो आवाज पुन्हा आलेला नाही.

मी तिला विचारलं, "तू तिला तिचं गाव का विचारत नाहीस? नेऊन सोडायचं."

प्राजक्ताने मान खाली घातली.

"विचारलं तं ती सांगन. मंग मले तिथं जा लागन."

मागच्या आठवड्यात ती आमच्याकडे जीप घेऊनच आली होती. निघताना मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेलो. तिने काच खाली करून हात हलवला, मीही हलवला.

जीपच्या मागच्या बाजूला मात्र मी पाहिलं नाही.