झाकून ठेवलेला भात

माझ्या हातून एक शब्द बदलला गेला, आणि त्यावरून झालेल्या भांडणातून धर्मेंद्र माझ्या आयुष्यात आला.

पवनीच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या एका दुकानात मी टायपिंग करायची. सातबाराचे अर्ज, मुलींचे बायोडाटे आणि दिवाळी सरली की नाटकं. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. केवळराम गुरुजींनी लिहिलेलं असंच एक नाटक माझ्याकडे आलं होतं. गुरुजींचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता पुनर्वसनात सरळ गल्ल्या, घरांवर नंबर... आणि त्या नव्या गावातलं हे पहिलंच नाटक.

नायिकेच्या गाण्यात एक ओळ होती, ‘करिते मी तुझी प्रतीक्षा’. मला ती बाई खोटी वाटली. मी गुपचूप टाइप केलं, ‘पाहते मी तुझी वाट’.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक उंच, सावळा तरुण काउंटरसमोर येऊन उभा राहिला. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हातात माझीच पानं.

“हे कोणी केलं?”

“टायपिंग? मी.”

“टायपिंग नाही. प्रतीक्षेची वाट कोणी लावली?”

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून मी ते गिळलं. “खेड्यातली बाई प्रतीक्षा करते का हो कधी?”

“मी संगीत करतो या नाटकाचं. ‘प्रतीक्षा’मध्ये पाच मात्रा, ‘वाट’मध्ये तीन. चाल बांधून झाली माझी. उरलेल्या दोन मात्रांत त्या बाईनं करायचं काय?”

“वाट पाहायची,” मी म्हटलं.

तो हसला नाही. पण गेलाही नाही. काउंटरच्या काचेवर बोटांनी काहीतरी मोजत राहिला, ओठातल्या ओठात ओळ म्हणून पाहिली... मग पानं घडी करून खिशात घातली.

“राहू द्या ‘वाट’च,” म्हणाला, आणि त्या वेळी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

आठवड्याने गुरुजींचा फोन आला. तिसऱ्या अंकात नायिकेचा नवरा नदीत बुडतो, तिथलं गाणं त्यांना जमत नव्हतं. “धर्मेंद्र म्हणते, शालूकडून लिहून घ्या.”

मग तो रोजच यायला लागला. जेवणाच्या सुट्टीत दुकानात गर्दी नसे. तो काचेवर बोटं वाजवत गुणगुणायचा आणि मी डबा तसाच ठेवून ऐकायची.

“आधी शब्द पाहिजे,” मी म्हणायची. “शब्दच नाही तर चाल बसंल कशावर?”

“लेकरू बोलायच्या आधी रडते. आधी सूरच असते.”

“आणि रडून मागते काय? आई. तो शब्दच होय ना?”

“तुमच्याशी बोलणं म्हणजे...” तो थांबायचा.

“म्हणजे काय?”

“काही नाही. बस येऊन राहिली तुमची.”

माझ्या गावची, आसगावची बस सुटेपर्यंत तो रस्त्यापलीकडे उभा राहायचा. हात कधी हलवला नाही. मी मात्र खिडकीची जागा मिळावी म्हणून म्हाताऱ्या बायकांशी भांडायला लागले होते.

घरचं मात्र तो काही बोलत नसे. मोबाइलवर ‘बाबा’ असं नाव आलं की तो दुकानाबाहेर जायचा, आणि परत आल्यावर त्याला सूर सापडत नसे.

मी गाणं लिहिलं. ‘लाटांनो, सांगा माझ्या सख्याला...’ मला ते फार आवडलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. “चांगलं आहे,” म्हणाला. त्यानंतर आठ दिवस तो फिरकला नाही.

शेवटी मीच गुरुजींना विचारलं.

“चुकलंच माझं. त्याले हे गाणं द्यायलेच नको होतं. दोन वर्षांआधी त्याचा मोठा भाऊ तुलाराम मासे धरायले गेला अन् डोंगा उलटला. तिसऱ्या दिवशी सापडला. तुझ्या त्या लाटा-बिटा त्याच्यानं कशा वाजवणं होतील? खरं लिहायचं असंल तर कुंताले भेट. त्याच्या वहिनीले.”

मी गेले त्या दिवशी अवकाळी पाऊस लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान शेताच्या बांधीतच भिजत पडलं होतं, आणि त्याचा कुबट वास थेट पुनर्वसनापर्यंत सोबत आला.

कुंतावहिनी माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी असेल. चार वर्षांची मोना तिच्या पदराशी खेळत होती. धर्मेंद्र घरी नव्हता.

“गाण्यासाठी आली? मी का सांगू? मले का गाणं येते?” तिने चहा ठेवला. मग चुलीकडे बघतच बोलायला लागली, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. “जाताना म्हणाले, भात झाकून ठेव, येतो. मी झाकला. संध्याकाळी लोक आले. बाया रडल्या. तीन दिवस झाले, मी भात काढू देत नव्हतो. कोणी हात लावला की धावून जात होतो अंगावर. ते सापडले तवा मामाजींनी भांडं बाहेर नेलं... मले रडणं आलंच नाही. अजूनही येत नाही.”

मी वही उघडलीच नाही.

“आता पौष सरला की पाट लावायचा ठरला आहे माझा,” ती त्याच आवाजात म्हणाली. “मामाजी म्हणतात, सून घरची घरात राहील, नात बाहेर जाणार नाही.”

“कोणाशी?”

“भाऊजींशी. धर्मेंद्रशी.” ती किंचित ओशाळली. “भाऊजी म्हणायची सवय जात नाही अजून.”

हातातला कप खाली ठेवायचा होता, तर मला बशीच सापडेना.

त्या संध्याकाळी मी गाणं लिहिलं. रागाने लिहिलं की दुःखाने, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घेऊन त्यांच्या गावच्या समाजमंदिरात गेले. तिथे तालमी चालायच्या. धर्मेंद्र एकटाच पेटीपाशी बसला होता, भाता बंद.

“पाट ठरला आहे, हे सांगायचं होतं मले,” मी म्हटलं.

त्याने नाकारलं नाही. “भाऊ गेल्यावर बाबांनी विचारलं, मी मान हलवली. तवा मले काहीच नको होतं. गाणंही नको होतं. कशालेही हो म्हटलं असतं मी.”

“मग दुकानात काहून येत होते रोज?”

“यावंसं वाटे.” तो पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिला. “तुझ्यापाशी बसलो की मले सूर ऐकू येत... दोन वर्षांनी.”

त्याने पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हटलं होतं, आणि मला ते ऐकून फक्त रडावंसं वाटलं. मी कागद त्याच्यासमोर ठेवला.

‘येतो म्हणून गेलास, भात झाकून ठेवला,
चूल विझली, सांज झाली, कोणी नाही जेवला...’

त्याचे ओठ पांढरे पडले. मग त्याने भाता उघडला.

आधी त्याने ‘ठेवला’वर एक सुरेख हरकत घेतली.

“नको,” मी म्हटलं. “ती सांगून राहिली आहे. गाऊन नाही राहिली.”

त्याने हरकत काढली. मग मुरकी काढली. ‘झाकून’वरची लांबवलेली आस काढली. चार-पाच सुरांची चाल उरली, कोणीही म्हणू शकेल अशी. शब्द इतके साधे होते की चालीला मिरवायला जागाच नव्हती, आणि ती चाल नसती तर ते नुसतं भाताबद्दलचं एक वाक्य होतं. त्याचा हात पट्ट्यांवर होता, माझा कागदावर, आणि मध्ये चार बोटांचं अंतर होतं. ते कोणीच ओलांडलं नाही.

रंगीत तालमीला अर्धं गाव आलं होतं. वडसाहून आलेल्या गायिकेने गाणं सुरू केलं आणि खुर्च्यांची कुरकुर थांबली. पुढे बसलेल्या मारोतरावांनी, धर्मेंद्रच्या वडिलांनी, दुपट्टा तोंडावर घेतला. मागच्या भिंतीपाशी कुंतावहिनी मोनाला घेऊन बसली होती. दुसऱ्या ओळीवर ती मोनासकट उठली आणि बाहेर गेली.

ती मला हापशीपाशी सापडली.

“हे मी तुले सांगितलं होतं. साऱ्या गावाले नाही!”

“चुकलं माझं. आत्ताच काढायले सांगतो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग एकाएकी खाली बसली आणि रडली. दोन वर्षांचं रडली. मोना घाबरून माझ्या पायाला बिलगली. आतून गाणं येतच होतं.

“नको काढू,” डोळे पुसत ती म्हणाली. “माझ्याच्यानं जे बोलवत नव्हतं ते बोलली ती बाई. माझं नाव तेवढं सांगू नको.” थोड्या वेळाने म्हणाली, “भाऊजी न्हाणीत गुणगुणून राहिले महिन्यापासून. मी मनात म्हटलं, कोणीतरी आहे. तूच ना?”

मी मोनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘हो’ म्हटलं.

“मले राग नाही. मलेही तो नवरा म्हणून नको. पण मी नाही म्हटलं तर मामाजी मले नाकाडोंगरीले, माहेरी धाडतील. आणि मोना इथं राहील. समजलं का तुले?”

समजलं होतं. “तुम्ही नाही म्हणू नका, वहिनी. मी नाही येणार आता.”

मी खरंच गेले नाही. नाटकालाही नाही. त्याचे फोन घेतले नाहीत. काचेवर कोणी बोटं वाजवली तर मी मान न उचलता ‘किती कॉप्या?’ विचारायची. गाणं गाजलं, शेजारच्या गावांनी नाटक बोलावलं, हे मला गिऱ्हाइकांकडून कळत होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर धर्मेंद्र बसला होता. शेजारी पेटी आणि कपड्यांची पिशवी.

“घर सोडलं मी.”

मी हातातली किल्ली परत पर्समध्ये टाकली.

“वहिनी मले म्हणाली, रडून झालं, आता भीत नाही. तिनं गुरुजींसमोर बाबांना सांगितलं, पाट नको. मीही सांगितलं, वहिनी माझी बहीण आहे, मोना तिच्याजवळच वाढंल, हे लिहून घ्या माझ्याकडून. बाबा म्हणाले, त्या पोरीले आईपासून तोडायचं पाप मी करणार नाही. पण भावाची बायको तुले जड झाली, तू माझा पोरगा नाही.” त्याने पिशवी जवळ ओढली. “वहिनी घरातच आहे. मी नाही.”

बसस्टँडवर पहिली गाडी लागत होती, धुक्यात तिचे नुसते दिवे दिसत होते.

“तुझ्यासाठी सोडलं असं म्हणू नको,” मी कशीबशी म्हणाले. “मले ते ओझं पेलणार नाही.”

“खोटं कसं बोलू? तुझ्यासाठीही सोडलं.” त्याने पेटी बाजूला सरकवली. “माझं तुझ्यावर प्रेम आहे, शालू. तू नाही म्हटलं तरी मी घरी जाऊ शकत नाही. म्हणून घाईनं हो म्हणू नको... विचार कर.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. पायरी गार होती. “विचार करून झाला माझा,” मी म्हटलं, आणि त्याने माझा हात हातात घेतला. आमच्यापैकी कोणालाच हसू आलं नाही.

वैशाखात आसगावला आमचं लग्न झालं. मारोतराव आले नाहीत. त्याच्या बाजूने मोजून तीन माणसं होती, गुरुजी, कुंतावहिनी आणि मोना. अंतरपाट धरला तेव्हा कोणीतरी म्हातारी कुजबुजली की विधवेने जरा मागे उभं राहावं. वहिनी मुकाट्याने मागे सरकली. माझी आई, शकुनबाई, एरवी कधी चारचौघांत तोंड उघडत नाही. ती मांडव ओलांडून गेली, वहिनीचा हात धरून तिला धर्मेंद्रच्या मागे, अगदी जवळ आणून उभं केलं, आणि आपल्या मुठीतल्या अक्षता तिच्या हातात ओतल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाखालून मला फक्त धर्मेंद्रचे पाय दिसत होते, आणि त्यांच्याजवळच्या मातीत टपटप पडणारे त्याच्या डोळ्यांतले थेंब.