आखाजीच्या बारा नळ्या

"माणसाचं नशीब कपाळावर नसतं, रक्तात असतं. आणि ते वाचायची विद्या आता विज्ञानाला साधली आहे!" योगराजने सासुरवाडीच्या चुलीसमोर उभं राहून जाहीर केलं.

"वाचा मंग," झुंबरबाई म्हणाल्या. "पन पहिले चपला काढा, जवाईबापू. चूल शे आठे."

योगराजने चपला काढल्या. जळगावच्या एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढूनही नरडाण्याजवळच्या या गावात त्याला मान होता तो फक्त जावयाचा, आणि तोही चपलांपुरता.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. लेकीसुना सगळ्या घरी होत्या, म्हणून त्याने हाच दिवस धरला होता. त्याच्या बायकोला, दिपमालाला, सहा वर्षांपासून कातडी ताठ होत जाण्याचा आजार होता. आधी थंडीत बोटं पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची. मग ती आखडली ती आखडलीच. तिची आत्या झुंबरबाईही त्यातलीच. आजीही त्यातच गेलेली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं, वारशाने आजार येत नाही, नुसता वाळलेला कडबा येतो. ठिणगी बाहेरून पडते. मग शरीराची राखण करणारी फौज आपल्याच घरावर चालून जाते, आत सूज धुमसत राहते आणि वरून कातडी ताठते. त्यांना अख्ख्या घराचं रक्त तपासायचं होतं. योगराजला एवढंच कळायला हवं होतं, की तेवीस वर्षांच्या मयुरीच्या, त्याच्या एकुलत्या लेकीच्या, वाट्याला कडबा आला आहे का. बाकीच्या नळ्या सोबतीला.

अकरा नळ्या घरातल्या बायकांच्या, बारावी त्याची स्वतःची. तुलनेला बाहेरचा माणूस लागतो, आणि जावयाइतका बाहेरचा दुसरा कोण?

झुंबरबाई खापरावर मांडे टाकत होत्या. वय एक्याऐंशी, चेहऱ्यावर सुरकुती नाही. आजाराने कातडी अशी ओढून धरली होती, की गावातल्या बायका त्यांना साबणाचं नाव विचारायच्या. बोटं उघडत नसल्याने त्या मांडा कोपरांवर फिरवून मोठा करत. तो टाकताना त्यांची मूठ तापलेल्या खापराला टेकली आणि तिथेच राहिली. जळल्याचा वास आला.

"आत्या, हात!"

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं, आणि हात सावकाश उचलला.

रक्त उपाशीपोटी घ्यायचं, हा योगराजचा नियम. या तपासणीला त्याची गरज नव्हती, पण सवय झाली होती. पितरांच्या नैवेद्याची आगारी निखाऱ्यावर पडेपर्यंत घरात कुणी काही खाणार नव्हतं. तेव्हा त्याने ती वेळ साधली.

"पितर जेवाना पहिले घरमाईन काही बाहेर जात नही, बापू," झुंबरबाई म्हणाल्या. दंड मात्र त्यांनी पुढे केला.

"बर्फाचा डबा दारातल्या गाडीतच ठेवतोय, आत्या."

सुई गेली. बराच वेळ काही आलं नाही, मग आलं. नळी त्याच्या मुठीत गार लागली. डब्यातल्या बर्फामुळे, असं त्याने ठरवलं. ती अजून डब्यात जायची होती.

मयुरीचीही तशीच. "पप्पा, मला काही झालंय का?"

"काही नाही गं. नुसतं बघायचंय."

डबा गाडीत गेला. मग दिपमालाचा भाऊ प्रेमराज याने निखाऱ्यांवर तूप-पुरण टाकून पितरांची नावं घेतली. दरवर्षी ज्वाळा उठते. या वर्षी पुरण तसंच पडून राहिलं, काळंही पडलं नाही.

"गवऱ्या ओल्या असतील," प्रेमराज म्हणाला.

"पितर घरमा नही शेतस," झुंबरबाई म्हणाल्या, आणि पुढचा मांडा घेतला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी जळगावच्या घरी पुण्याहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"योगराजभाऊ, रागावू नका. बाराही नळ्यांत तुम्ही एकाच बाईचं रक्त भरलंय."

"शक्य नाही. नावं मी स्वतः चिकटवली."

"दोनदा तपासलं. सख्ख्या बहिणींचंसुद्धा इतकं जुळत नाही. आजारही आहे. चांगला जुना."

"बारावी नळी माझी आहे, मॅडम."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तीसुद्धा बाईचीच आहे. असं करा, पुन्हा पाठवा. या वेळी जरा लक्ष देऊन."

सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एकही नळी बदलली गेली नव्हती. पण चूक माणसाकडून होते, आणि चूक असणं फार सोयीचं होतं. त्याने कपाटातून रक्तगट तपासायच्या बाटल्या काढल्या आणि काचेवर ए, बी असे थेंब मांडले. त्याच्या लायसन्सवर ओ पॉझिटिव्ह होतं. मयुरीचंही तेच.

त्याने बोटाला सुई टोचली. कळलं नाही. पुन्हा टोचली.

थेंब उशिराने आला.

ओ गटाचं रक्त ए आणि बी, या पहिल्या दोन थेंबांत फुटत नाही. ते दोन्हीकडे फुटलं, नासलेल्या दुधासारखं.

त्याने काच धुतली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

घाबरायला हवं, हे त्याला समजत होतं. पण भीती कुठेतरी लांब होती, दुसऱ्याच्या घरात असावी तशी.

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. लाईट सकाळपासून गेलेली होती.

आतल्या खोलीतून मयुरीचा आवाज आला.

"पप्पा, पेन धरवत नाहीये. तेवढा कूलर बंद करा ना."