एक लोलो जास्त

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या बाजारात सकाळी कुणालाही विचारावं, "इथं नाश्ता कुठं चांगला मिळेल हो?" आणि मग गंमत बघावी. जिलबीवाला म्हणणार इथं, भजीवाला म्हणणार इथं, चहावाला तर विचारणाऱ्याला ओढून बाकावरच बसवणार. जूनमधल्या एका ओल्या सकाळी कुमुदिनीनं हा प्रश्न विचारला आणि तिची अगदी तारांबळ उडाली. शाळेतली नोकरी नवी, रस्ते नवे, आणि पोटात कावळे ओरडत होते. अंबरनाथच्या घरी आईची, म्हणजे माईंची, पूजा आटोपल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जात नसे आणि कुमुदिनीला तर पूजेच्या आधीच निघावं लागे. बाजारात बसून खाणं म्हणजे माईंच्या लेखी नाक कापल्यासारखंच! पण भुकेला काय कळतं?

त्या गलक्यात एकच जण गप्प होता. बराकीच्या कोपऱ्यावर, मातीच्या चुलीमागे, बाह्या दुमडून बसलेला.

"तुम्ही नाही बोलावत?" तिनं विचारलं.

"आज माझ्याकडे नको," तो म्हणाला. "डाळ खारट झालीय. तिकडे विठाबाईंची भाकरी गरम आहे... तिथं जा."

गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी धाडणारा दुकानदार कुमुदिनीनं जन्मात पाहिला नव्हता. ती निमूट विठाकडे गेली. विठा चामटोलीहून यायची, भाकरी आणि वालाची भाजी विकायची. भाकरी झकास होती. पण दिवसभर फळ्यावर बेरजा मांडताना कुमुदिनीला आठवत राहिली ती न खाल्लेली खारट डाळ.

दुसऱ्या दिवशी ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आज कुठं खाऊ?"

त्यानं पळीतली डाळ चाखली, जरा विचार केला. "आज इथं चालेल."

"नुसतं चालेल?"

"तुम्ही मास्तरीणबाई ना? मार्क तुम्ही द्या."

त्याचं नाव खियलदास. फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरहून आईबरोबर इथं आलेला, बराकीत राहणारा. मराठी त्यानं बाजारातच उचललेली, मधूनमधून हिंदीत घसरणारी. डाळ-पक्वान विकायचा. पक्वान म्हणजे तळलेली कडक पुरी, हाताएवढी मोठी. बोट लावलं की तुकडे चहूकडे उडायचे आणि कुमुदिनीच्या पांढऱ्या लुगड्यावर पडायचे. तिसऱ्या दिवसापासून पक्वान आधीच मोडून पुढ्यात यायला लागलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

मग रोजचंच झालं. ती यायची, "आज कुठं खाऊ?" विचारायची. तो अगदी गंभीर चेहऱ्यानं बाजाराचा हालहवाल सांगायचा. आज जिलबी कच्ची आहे. आज चहावाल्याचं बायकोशी वाजलंय, चहा कडू असणार. आज विठाबाई खुशीत आहेत, भाकरीवर लोणी मिळेल. आणि एवढं सगळं ऐकून ती त्याच्याच बाकावर बसायची. बाकाच्या टोकाला एक पंचा घडी करून ठेवलेला असे. दुसरं कुणी तिथं टेकलं की म्हणे, "वो जगा गीली है, साईं. तिकडे बसा." ती आली की जागा बरोबर कोरडी व्हायची!

विठा हे सगळं बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "काय गो मास्तरीण," ती एकदा म्हणाली, "सगला बाजार हिंडतीस नि बसतीस तिथंच?"

कुमुदिनी लाजेनं लाल झाली. खियलनं मान खाली घालून चुलीत उगाचच फुंकर मारली.

चातुर्मास लागला, त्या दिवशी तिच्या डाळीवर कांदा नव्हता. आजूबाजूच्या सगळ्यांच्या वाट्यांवर होता, फक्त तिच्या नव्हता.

"कांदा संपला वाटतं?" तिनं मुद्दाम विचारलं.

"तुम्ही चार महिने खात नाही ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विचारलं एकाला..." तो पुटपुटला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी ती वाटीकडेच बघत राहिली. घरची माणसंसुद्धा कधी विसरतात हो! आणि हा कोण, कुठला... तिच्या घरचे उपासतापास जपत बसलाय. श्रावणात सोमवारी तिचा उपास असे. मंगळवारी आली की विचारायचा, "काल ठीक होतात?" इतकंच. त्या तीन शब्दांवर तिचा अख्खा दिवस निघायचा.

पण त्याच्या पुढचा शब्द काही तो बोलत नव्हता. आणि हिच्या जिवाला घोर लागला होता. पुण्याजवळ पिंपरीला त्याच्या थोरल्या भावाला पक्कं दुकान मिळालं होतं. श्रावण सरला की आपणही तिकडे जाऊ, असं खियल एकदा बोलून गेला होता. तेव्हापासून वळणावर आलं की तिची नजर आधी धुराकडे जायची. कोपऱ्यावर धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा. आहे... अजून आहे.

इकडे घरात माईंनी तिच्यासाठी स्थळ पाहिलं होतं. दादरचे, मुलगा श्यामकांत, बँकेत नोकरी. रविवारी बघायला येणार. नाव ठेवायला जागा नाही असं स्थळ, नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? खारट डाळ?

गुरुवारी तिनं धीर केला. बाकावर बसली, पक्वानाला हातही न लावता म्हणाली, "रविवारी मला बघायला येणार आहेत."

पळी हवेतच थांबली. बाजाराचा गलबला चालू होता, श्रावणातली एक सर आली आणि गेली.

"पोहे करणार?" त्यानं विचारलं.

"हो."

"कांदा न घालता?"

"चातुर्मास आहे ना."

"मग..." तो डाळ ढवळत राहिला, "मग तितके चांगले नाही होणार."

एवढंच! तिनं वाट पाहिली. बोल ना रे बाबा, एक शब्द तरी बोल. त्यानं चुलीत लाकूड सारलं. डोळ्यांत आलेलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती ताडकन उठली आणि न खाताच निघून गेली. मागून "मास्तरीणबाई—" अशी हाक आली, पण ती थांबली नाही.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. कशाला उठले? थांबले असते तर कदाचित... शुक्रवारी ती नेहमीपेक्षा आधीच्या गाडीनं निघाली. विठ्ठलवाडीहून जवळजवळ पळतच आली. वळणावर आली आणि तिचे पाय जागीच खिळले.

धूर नव्हता.

चूल थंड होती. राख काढलेली, माती सारवलेली, वर पाण्याचा शिडकावा. पातेलं नाही, पळी नाही, बाकावर पंचा नाही. गेला. पिंपरीला गेला, न सांगता. श्रावण सरेपर्यंतसुद्धा थांबला नाही. कुमुदिनी बाकाला धरून उभी राहिली आणि तिला भर बाजारात रडू फुटलं. मास्तरीण असून!

खरं तर तिनं मान वर करून रांगेतल्या बाकीच्या चुलींकडे पाहिलं असतं, तर एवढं रडायचं कारण नव्हतं. पण तिला कुठं दुसरी चूल दिसत होती?

"अगो बाय," विठा धावत आली, "डोलं फुटलं का तुझं? बघ की! जिलबीवाला थंड, भजीवाला थंड. आज सिंध्यांचा सण हाय. चूल पेटवत नाहीत ती!"

कुमुदिनीनं पाहिलं. खरंच, एकूण एक सिंधी चूल विझलेली. तिच्या घरीसुद्धा शिळासप्तमीला चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचंच खातात. पण ती पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. यांची वद्यातली सप्तमी असते, हे तिला काय ठाऊक?

तेवढ्यात बराकीच्या दारातून खियल आला. धुतलेला सदरा, हातात रुमालानं झाकलेली थाळी. तिचे ओले गाल पाहून तो थबकला.

"आज कुठं खाऊ?" तिनं विचारलं.

"आज बाजारात कुठंच नाही," तो हळूच म्हणाला. "आज थदडी आहे आमची."

त्यानं रुमाल बाजूला केला. जाडसर, तांबूस, तुपानं चकाकणारी गोड पोळी. वेलदोड्याचा वास आला.

"हा लोलो. आमच्या घरात थदडीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या नावानं एकेक भाजतात. घरातल्या प्रत्येकाच्या. काल तुम्ही उपाशी गेलात... मग संध्याकाळी अम्माला म्हटलं, एक जास्त कर."

"मग?"

"अम्मानं विचारलं, कुणाच्या नावानं?"

"मग?"

तो जमिनीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

"सांगितलं. कुमुदिनी."

आजवर त्यानं एकदाही तिचं नाव उच्चारलं नव्हतं. आपलं नाव इतकं गोड आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

"आणि पिंपरी?" तिनं कसंबसं विचारलं.

"भाऊ बघेल. मी इथंच आहे. तुम्ही... तू म्हणशील तोवर."

"तोवर म्हणजे फार दिवस होतील," ती म्हणाली, आणि रडतारडता हसली. विठानं तोंड फिरवून आपले डोळे पुसले.

कुमुदिनीनं लोलो तिथं खाल्ला नाही. रुमालात बांधून दिवसभर जवळ जपला आणि संध्याकाळी अंबरनाथला स्वयंपाकघरात माईंपुढे ठेवला. माई पोहे निवडत होत्या, रविवारसाठी.

"हे काय?"

"लोलो. माझ्या नावानं भाजलेला."

"कुणी भाजलाय?"

बारा गावचं पाणी प्यायल्यासारखी ती शांतपणे म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी."

माईंचे हात सुपात थांबले. मग कुमुदिनीनं सगळं सांगितलं. खारट डाळ, मोडून दिलेलं पक्वान, पंचा, थंड चूल. कांद्याचं तिनं अगदी शेवटी सांगितलं. बाहेर सर येऊन गेली, दिवेलागण झाली, माई देवापुढे दिवा लावून पुन्हा सुपाशी येऊन बसल्या.

"तुला न विचारता कांदा बंद केला त्यानं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

माईंनी सूप बाजूला सारलं, पोहे तसेच राहिले. लोलो जवळ ओढून उलटसुलट पाहिला.

"तुपातला आहे ना?"

"हो, माई."

"मग सोवळ्याला चालतो. ऊठ, दही आण," माई म्हणाल्या आणि त्यांनी एक तुकडा मोडला. "उद्या अष्टमीचा उपास माझा. खायचा तर आजच खायला हवा."