मास्तरांची जांभई

त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि काउंटरवर सोडली. आत चष्मा होता, म्हणजे कधीकाळी असावा. एक काडी गायब, दुसरीवर दातांच्या खुणा आणि काचेवर लाळ वाळलेली.

"दुरुस्त होईल?" त्याने विचारलं. विचारलं तिला, पण बघत होता फ्रेमांच्या कपाटाकडे.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हेच तिचं काम. दुकान मामांचं, नजर तपासायची ती. पाच फूट आठ इंच उंचीच्या या भाचीला मामा लहानपणापासून चिमणी म्हणत आले होते, आणि आता गिऱ्हाइकंही म्हणायची. असली चिमणी समोर उभी असताना कुणी कपाटाशी बोलावं, हे तिला जरा लागलंच.

"कुणाचा पराक्रम हा?"

"एका विद्यार्थ्याचा."

"नापास केलंत की नाही त्याला?"

"छे... वर्गात पहिला आहे. बाकीच्यांनी माझे बूटही खाल्लेत."

ती हसणार तेवढ्यात काउंटरखालून गुरगुर सुरू झाली. खाली तिचा कुत्रा होता. पिल्लू असताना मांजरांच्या खोक्यात सापडला म्हणून त्याचं नाव बोका. गिऱ्हाईक आत आलं की बोका गुरगुरायचा, गिऱ्हाईक बाहेर जायचं आणि मामांचा पारा चढायचा. आणखी महिनाभर हे चाललं तर बोक्याने घरीच कोंडून राहायचं, असं मामांनी बजावलं होतं.

हा माणूस मात्र गेला नाही. तो बाजूला वळला, बोक्याकडे अर्धी पाठ करून जमिनीवर बसला आणि त्याने भलीमोठी जांभई दिली. गुरगुर थांबली. बोका हळूच बाहेर आला आणि त्याचं कोपर हुंगू लागला. आतून काचा घासत असलेले मामा मशीन बंद करून बघायलाच आले. चौकशीअंती कळलं की तो कुत्र्यांना वळण लावतो. मामांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं: दर बुधवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा शिकवणी, एकूण सहा. त्या दिवसापासून तो 'मास्तर' झाला.

पहिल्याच बुधवारी मास्तरांनी सांगितलं की गुरगुरणं ही कुत्र्याची शेवटची पायरी. त्याआधी तो बिचारा कितीतरी सांगून बसलेला असतो. नाक चाटतो, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होतंय. तोंड फिरवतो, म्हणजे त्याला भांडण नकोय. जांभई देतो तो झोप आली म्हणून नव्हे. ताण आला की तो स्वतःला आणि समोरच्याला शांत करत असतो. अशा वेळी त्याच्यावर सरळ चालून जाऊ नये. वळसा घालून जावं, नाहीतर थोडं लांब राहावं. चिमणीने कपाळावर हात मारला. तीन वर्षं ती बोक्याला आळशी म्हणत आली होती.

दोन आठवड्यांत बोका सुधारला आणि चिमणी बिघडली. बुधवार उजाडला की तिला चार शर्ट बदलून पाहावेसे वाटायचे. पट्टा देताना मास्तरांची बोटं तिच्या बोटांना लागली, तर उरलेला दिवस ती बोटं तिला वेगळीच वाटायची. तो आवडला होता. यात काही गोंधळ नव्हता. गोंधळ त्याच्या बाजूचा होता.

कारण ती जवळ गेली की तो जांभई द्यायचा. ती हसली की ओठांवरून जीभ फिरवायचा. एकदा तिने चहाचा कप पुढे केला, तर त्याने तो भिंतीकडे बघत घेतला. पूर्वीची चिमणी असती तर म्हणाली असती, काय शिष्ट माणूस आहे, आणि विषय संपला असता. पण आता ती शिकलेली होती. जांभई म्हणजे ताण. जीभ म्हणजे अवघडलेपण. म्हणजे आपण जवळ गेलो की या माणसाला त्रास होतो... आणि बोलून दाखवत नाही इतका सभ्य आहे. तिला रडू यायचं बाकी राहिलं.

अवघडलेल्या जिवाला काय द्यायचं, हे त्यानेच शिकवलं होतं. चौथ्या बुधवारी तिने आपलं स्टूल दारापाशी नेलं, नजर खाली ठेवली आणि कामापुरतंच बोलली. ते पाहून मास्तरांनीही आपलं स्टूल पार दुसऱ्या टोकाला सरकवलं. पाचव्या बुधवारी दोघांच्या मध्ये अख्खं दुकान होतं. बोका मधोमध बसून एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे, आणि जांभया देऊन देऊन बेजार व्हायचा. मामांनी डोकावून विचारलं की भांडलात की काय. दोघं एकदमच "नाही" म्हणाले, वेगवेगळ्या भिंतींना.

सहाव्या बुधवारी जाताना मास्तरांनी सांगितलं की बोक्याचं थोडं काम बाकी आहे, पण पुढच्या वेळेपासून त्यांच्या सहकारी बाई येतील.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चिमणीच्या तंद्रीमुळे एक आजोबा कुणातरी आजींची गुलाबी फ्रेम लावून घरी गेले, आणि त्यांना परत आणायला मामांना चौकापर्यंत धावावं लागलं. धापा टाकत येऊन ते खुर्चीत बसले.

"चिमणे, त्या माणसाच्या मनात काय आहे ते त्यालाच विचारून ये. तू आवडत नसशील तर नसशील. गिऱ्हाइकांनी का भोगावं?"

मास्तरांचं मैदान लाकडाच्या वखारीमागे होतं. ओल्या भुशाचा वास, तारेचं कुंपण, आत चार कुत्रे आणि मधे तो. तिने फाटक उघडलं आणि ती नाकासमोर चालत निघाली. चारही कुत्रे भुंकायला लागले.

"वळसा घालून या," तो लांबूनच म्हणाला. "असं सरळ आलं की त्यांना—"

"मी त्यांच्याकडे नाही आले."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी जवळ आले की तुम्हाला त्रास होतो का? हो किंवा नाही सांगा. जांभई नको."

त्याने कुत्र्यांना खाली बसवलं. मग स्वतःच कुठे बसावं कळेना, म्हणून उभा राहिला.

"त्रास नाही... भीती वाटते. तुम्ही डोळ्यांत इतकं सरळ बघता की मला शब्द सापडत नाहीत. मग स्टूल दाराकडे नेलंत. म्हटलं, आपण नकोसे झालो."

"तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून नेलं ते."

"आणि मी माझं नेलं तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तीन बुधवार अतोनात सभ्यपणे एकमेकांपासून लांब पळालेली दोन माणसं. तिला हसूही येत होतं, रागही येत होता, आणि खरं विचारायचं ते अजून राहिलंच होतं.

"मग त्या बाईंना कशाला पाठवताय?"

"मास्तर असताना विचारणं बरं दिसलं नसतं," तो म्हणाला. "बोका माझ्याकडे शिकतोय म्हणून तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. म्हटलं, आधी शिकवणी सोडावी. मग बुधवारी यायचं... नुसतंच."

"येऊन काय म्हणणार होतात?"

त्याने एकदा वखारीकडे पाहिलं, एकदा कुत्र्यांकडे. त्यांच्यापैकी कुणी मदतीला येण्यासारखं नव्हतं.

"की... मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, त्यामुळे... कसं सांगतात, ते माहीत नाही."

येताना रस्ताभर चिमणीने नकाराचीच तयारी केली होती: काय म्हणायचं, कसं हसायचं, रडू कुठल्या वळणापर्यंत थोपवायचं. होकाराची तयारी काहीच केली नव्हती. जेमतेम चार शब्द बाहेर पडले.

"पुन्हा एकदा म्हणाल का?"

त्याने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी तो एकदाही अडखळला नाही.