अर्धी पट्टी

सरजाबाई छातीत कळ येऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या जिभेखाली गोळी होती. तिसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी त्याच गोळ्यांची कापलेली पट्टी औषध निरीक्षक महादेवी यांच्यासमोर ठेवली. गोळ्या पिवळट पडलेल्या. तारीख कुठंच नव्हती.

"संगप्पानं मुदत सरलेलं औषध देलं," बायको गेलेला तो माणूस म्हणाला. आवाज चढला नाही, डोळेही भरले नाहीत.

महादेवी त्यांना घेऊनच संगप्पाच्या मुखेडमधल्या औषध दुकानात गेल्या. परवाना जाणार म्हणून संगप्पा आधीच खुलासा द्यायला लागला. त्यानं ड्रॉवरमधून उरलेली अर्धी पट्टी काढली.

"हिच्यातूनच कापून देल्या, मॅडम. पुढच्या वर्षीची तारीख हाय, बघा."

"तारखेचं टोक तुमच्याकडंच?"

"मग! उरलेल्या मालाची मुदत आम्हाला कळाया पाहिजे की. समदे असंच कापतेत."

महादेवींनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले. कडा जुळेनात.

दारापाशी कुलूपबंद पेटी होती. मुदत संपलेली औषधं लोकांनी त्यात टाकायची, महिन्याअखेर ती जाळायला नांदेडला जायची. संगप्पाला पेटीचा भारी अभिमान.

"काका, घरात जुन्या गोळ्या होत्या का?"

"व्हत्या, हितूनच नेलेल्या. ती म्हणली, पेटीत टाकून या, नव्या आणा."

"आधी काय केलं?"

"नव्या घेतल्या. खिशात ठिवल्या. मग जुन्या टाकल्या."

"जुन्या कुठं होत्या?"

"खिशातच."

महादेवींनी पेटी उघडून वर्तमानपत्रावर पालथी केली. ढिगातून पांढऱ्याशुभ्र गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. ड्रॉवरमधल्या तुकड्याला ती नेमकी बसली. असला उलगडा कुणाला सांगावासा वाटतो? पण सांगावा लागला.

"विकलेलं औषध चांगलं होतं. खिशात दोन पट्ट्या, दोन्ही सारख्या, दोन्ही बिनतारखेच्या. नवी पेटीत गेली, जुनी घरी."

संगप्पानं सुस्कारा सोडला. "म्हणजे माझी चूक न्हाई."

"तुमचीच आहे! दोन्ही वेळा तारीख तुम्ही ठेवून घेतली. तुमच्या मालाची मुदत तुम्हाला कळली. त्यांनी कशावरून ओळखायचं?"

व्यंकटराव पेटीकडं बघत राहिले.

"एका गोळीनं गुण येईना, तवा तिनं इचारलं, गोळी जुनी तर न्हाई?" ते म्हणाले. "म्या दुसरी देली. म्हणलो, नवीच हाय, घे."